दहा बाटल्या की तीन? आपापल्या त्वचेला झेपेल असं साधं स्किनकेअर रूटीन

जाईजुई
मंडळी, जरा सल्ला हवाय. भाची १९ वर्षांची आहे, घर जळगावला, शिकायला नाशिकला होस्टेलवर. परवा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली, "मावशी, वाढदिवसाला हेच दे, दुसरं काही नको." यादीत दोन क्लिन्झर, टोनर, इसेन्स, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल, शीट मास्क, आय क्रीम आणि तळाला सनस्क्रीन, त्याच्यापुढे "बजेट उरलं तर". बेरीज सहा हजारांच्या वर जातेय. पैशाचं सोडा, पण एवढं सगळं त्या पोरीच्या चेहऱ्यावर रोज थापायचं? तिला कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या येतात, नाक-कपाळ दुपारपर्यंत तेलकट आणि गाल मात्र धुतल्यावर ताणल्यासारखे कोरडे.

मी स्वतः ४२, ठाण्यात, नोकरी फोर्टला. दोन्ही गालांवर वांग आहे, दुसऱ्या बाळंतपणात आलं ते गेलंच नाही. म्हणजे आम्हा दोघींची त्वचा अगदी वेगळी. मला वाटतं रोज न कंटाळता होईल तेवढंच करावं आणि ते आपल्या त्वचेला, आपल्या गावच्या हवेला धरून असावं. पण "तेवढंच" म्हणजे काय काय, ते तुम्ही सांगा. अनुभव लिहा, नुसती ब्रँडची नावं नकोत.

मेतकूट
पाणी, साबण, टॉवेल. झालं रूटीन. पळतो आता.

निशिगंध
मेतकूट, थांबा थांबा, पळू नका, साबणावरच बोलायचंय. आपल्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास असतो आणि चेहऱ्याच्या त्वचेचा साधारण ५, म्हणजे त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रोज दोनदा साबण घासला की वरच्या थरातले मूळचे स्निग्ध पदार्थ निघून जातात, म्हणून तो कोरडा "चुर्र" फील येतो. तो स्वच्छतेचा पुरावा नव्हे. जाईजुई, तुमच्या भाचीचे ताणलेले गाल बहुतेक त्यातलेच. पुटकुळ्या आहेत म्हणून ती दिवसातून चार-पाच वेळा तोंड धूत असणार, पैज लावते.

जाईजुई
निशिगंध, आत्ताच विचारलं. पाच वेळा! प्रत्येक लेक्चरनंतर म्हणे.

काका_सांगलीकर
आमच्या वेळी डाळीचं पीठ आणि साय, आठवड्याला एकदा. माझी आई ऐंशीच्या घरात गेली तरी गाल मऊ होते. आता पोरांना सोळाव्या वर्षी सुरकुत्यांची काळजी. ती रेटिनॉलची बाटली यादीतून आधी काढा.

कोकणकन्या
काका, साय कोरड्या त्वचेला बरीच की, शेवटी स्निग्धच ती. पण तेलकट चेहऱ्यावर नको, आणि त्यात लिंबू पिळायची जी पद्धत आहे ना ती तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की लालसर चट्टे, कधी फोड येतात आणि मग महिनोनमहिने काळे डाग राहतात. आमच्याकडे उन्हाळ्यात सरबतं करताना हातावर रस सांडतो आणि तसंच अंगणात जातो, त्यातही हे होतं. चेहऱ्यावर मुद्दाम कशाला?

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्यातून हजर. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, हवा अशी कोरडी की धुतलेला दुपट्टा दोरीवर टाकेपर्यंत वाळते. मुंबईवाल्यायचं "हलकं जेल लावा" इथं चालत नाही. आंघोळ झाल्याबरोबर, अंग ओलं असतानाच मॉइश्चरायझर, अन् दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचंच नाही, पडलं तर टोपी अन् दुपट्टा. हे फुकटातलं सनस्क्रीन कोणी सांगत नाही कारण त्याची जाहिरात करून कोणाला पैसे भेटत नाहीत.

सह्यवेडा
दुपट्ट्यावरून आठवलं, पुण्यात स्कार्फ बांधून गाडीवर बसलेली मुलगी सिग्नलला तिच्या सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. माझ्या बायकोने मला असंच एकदा ओव्हरटेक केलं आणि घरी येऊन विचारते, हात दाखवला तर बघितलं का नाहीस!

ओपीडी_नंबर_७
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. धागा चांगला चाललाय म्हणून लिहिते. तपासल्याशिवाय कुणाला औषध सांगणार नाही, पण रूटीनचा सांगाडा सगळ्यांसाठी सारखाच आहे: सौम्य धुणं, ओलावा टिकवणं, उन्हापासून वाचवणं. सकाळी हे तिन्ही, रात्री पहिले दोन. बाकी बाटल्या म्हणजे एखाद्या नेमक्या तक्रारीवरचा उपाय. तक्रार नसेल तर त्यांची गरज नाही.

धुणं: दिवसातून दोनदा पुरे. घाम आला, व्यायाम केला तर आणखी एकदा, नाहीतर मधे नुसतं पाणी. तेलकट असेल तर फेस येणारा पण सौम्य फेसवॉश, कोरडी असेल तर फेस न येणारं लोशनसारखं क्लिन्झर. धुतल्यावर दहा मिनिटांनी गाल ताणले जात असतील तर ते क्लिन्झर तुमचं नाही, मग ते कितीही महाग असो.

ओलावा: "माझी त्वचा तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर नको" हे ओपीडीत रोज ऐकते. तेल आणि ओलावा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तेलकट चेहऱ्याला पाणीदार जेल किंवा हलकं लोशन, कोरड्याला सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं क्रीम. भाचीसारखं नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असतील तर एकच हलकं लोशन घ्या आणि गालांवर दुसरा हात द्या, दोन वेगळ्या बाटल्या नकोत.

सनस्क्रीन: इथे सगळ्यात जास्त गोंधळ. एसपीएफ ३० हे यूव्हीबी (उन्हातली त्वचा भाजवणारी) किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मधला फरक लहान, पण नीट लावणं आणि करंगळीच्या टोकाएवढं लावणं यातला फरक खूप मोठा. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर पिळलेल्या दोन रेघा एवढं लागतं. अंदाजे एक ग्रॅम धरा. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तरी दीड-पावणेदोन महिन्यांत संपली पाहिजे. वर्षभर पुरतेय म्हणजे ती कमी लावली जातेय. ट्यूबवर "ब्रॉड स्पेक्ट्रम" किंवा PA या इंग्रजी अक्षरांपुढे तीन-चार अधिक चिन्हं बघा, ती यूव्हीएसाठी (उन्हातल्या त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांसाठी) असतात, आणि यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही आत येतं. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

आणि काका, रेटिनॉलबद्दल तुमच्याशी अर्धी सहमत. सुरकुत्यांसाठी १९ व्या वर्षी नकोच. पण त्याच कुळातलं अ‍ॅडापलीन हे मुरुमांवरचं पहिल्या फळीतलं औषध आहे आणि त्या वयात आम्ही ते देतो. गरोदर असताना किंवा बाळाचा विचार चालू असताना मात्र या कुळातलं काहीही लावायचं नाही.

मेतकूट
ओपीडी ताई, पूर्ण प्रतिसाद वाचला. साबण खाली ठेवला आहे. आता टॉवेलबद्दलही काही म्हणणं असेल तर एकदाच सांगा.

ओपीडी_नंबर_७
आहे ना. खसाखसा पुसू नका, टिपा. आणि चेहऱ्याचा वेगळा ठेवा.

टोरोंटोची_अबोली
वऱ्हाडी_ठेचा यांना अनुमोदन, हवा बदलली की रूटीन बदलावंच लागतं. दादरला मला वर्षभर हलकं जेल चालायचं. इथे जानेवारीत बाहेर उणे पंधरा आणि घरात सतत हीटर, हवेत दमटपणा नावालाही नाही, हाताच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडतात. आता रात्री जाडसर क्रीम आणि त्यावर ओठांना, पेरांना, नाकपुड्यांच्या कडेला पेट्रोलियम जेली. ही जेली स्वतः ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही, म्हणून ती ओलसर त्वचेवर किंवा क्रीमवर लावायची, कोरड्यावर नाही. खोलीत ह्युमिडिफायर ठेवल्यावर सगळ्यात जास्त फरक पडला, तो तर स्किनकेअरच्या दुकानात मिळतच नाही.

कोकणकन्या
अबोली, भेगांसाठी आमच्याकडे मुठेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रातांब्याच्या आतल्या बिया वाळवून, फोडून, गर कुटून पाण्यात उकळवतात, वर तूप तरंगतं ते काढून गार होताना मुठीत दाबून गोळा करतात, त्यावर बोटांचे ठसे तसेच उमटलेले असतात. घरात घट्ट राहतं, किंचित पिवळट. रात्री पाय धुऊन, तो गोळा दिव्यावर किंवा गॅसच्या कडेला जरा धरला की पातळ होतो, तो थेंब भेगेत भरायचा आणि मोजे घालायचे. माझी सासू अजून करते. तिकडे हाच पदार्थ कोकम बटर नावाने डबीत मिळतो म्हणे.

टोरोंटोची_अबोली
मिळतो की! आणि डॉलरमध्ये. येत्या वेळी तुमच्या सासूबाईंकडून गोळाच नेते.

काका_सांगलीकर
अवांतर: त्या मुठेलाचा वास कसा असतो? आमच्या घाटावर कधी पाहिलं नाही.

कोकणकन्या
काका, फारसा नसतोच. म्हणून तर ओठांनाही लावतात. चेहऱ्यावर मात्र मी नाही लावत, तेलकट आहे माझा.

सावली_२२
पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मोठ्या बहिणीचा अनुभव सांगायचा होता कारण धाग्यात कुणीच हे काढलं नाही. लग्नाआधी तिला एका ओळखीच्या पार्लरवालीने बिनलेबलची डबी दिली, "रात्री लाव, पंधरा दिवसांत उजळ". खरंच उजळली. सगळे विचारायचे काय लावतेस. लग्नानंतर डबी संपली आणि आठवड्यात चेहरा लालबुंद, आग आग, बारीक पुटकुळ्या, गालावर लव वाढलेली, लाल बारीक शिरा दिसायला लागल्या. परत लावलं की शांत, थांबवलं की परत तेच. डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्टिरॉइड होतं. सोडवायला वर्ष गेलं. ती हसरी मुलगी तेव्हा फोटोत तोंड वळवायची. प्लीज, तुमच्या मुलींना कुणी डबी दिली तर बघू द्या काय आहे ते.

निशिगंध
सावली, लिहिलंस ते फार बरं केलंस. बहीण आता ठीक आहे ना?

सावली_२२
हो, आता बरीच बरी. ऊन लागलं की अजून लाल होते.

ओपीडी_नंबर_७
सावली, हाच प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवून ठेवायला हवा. असे चेहरे आमच्याकडे इतके येतात की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. ट्यूबवरचा मजकूर वाचायची सवय लावा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. औषध म्हणून त्याचा उपयोग आहे, पण कुठे, किती दिवस हे डॉक्टरच ठरवणार. रोजची क्रीम म्हणून चेहऱ्यावर कधीही नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये आणली, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. शेजारणीला गुण आला म्हणून आपण आणायची नाहीत. आणि कुणी महिनोनमहिने लावत असेल तर एकदम बंद करू नका, दाखवा, हळूहळू सोडवावं लागतं.

दुसरी भीती पाऱ्याची, गोरेपणाच्या काही क्रीममध्ये तो असतो. ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, ती घरात आणू नका. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले, त्यातल्या १५ जणांमध्ये एक ठरावीक प्रथिन सापडलं आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. त्वचेवर लावलेलं त्वचेपुरतंच राहतं असं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बापरे. किडनी?

सह्यवेडा
गोरेपणाचा तो हट्ट सोडायला हवा हे खरं मूळ आहे. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून "फेअर" शब्द २०२० मध्ये गेला, पण बघायला येणाऱ्या मंडळींच्या डोक्यातून कुठे गेलाय. माझी मुलगी सावळी आहे आणि तिला मी रोज सांगतो की सनस्क्रीन गोरी व्हायला नाही, डाग पडू नयेत आणि भाजू नये म्हणून लावायचं. सावळ्या त्वचेवर पुटकुळीचा डाग जास्त काळ राहतो, म्हणून फोडायची नाही. बाप म्हणून एवढं तरी.

निशिगंध
सह्यवेडा, टाळ्या!

मेतकूट
एक खरा प्रश्न, गंमत नाही. वडिलांची मान मागून काळी पडलीये, मखमलीसारखी जाड. आई रोज घासणीने घासते, दोघांची त्यावरून भांडणं. कुठलं क्लिन्झर?

ओपीडी_नंबर_७
घासणं आजच थांबवा. तो मळ नाही. काखेतही तसंच आहे का बघा. बऱ्याचदा याचा संबंध शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसण्याशी असतो, वजन आणि साखर वाढीला लागलेली असते. वडिलांची उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. साखर-वजन आटोक्यात आलं की मानेचा रंगही हळूहळू निवळतो.

मेतकूट
काखेतही आहे. उद्याच नेतो. धन्यवाद ताई, मनापासून.

काका_सांगलीकर
बघा, स्किनकेअरच्या धाग्यावरून रक्त तपासायला निघाले. मेतकूट, रिपोर्ट आला की कळवा.

जाईजुई
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाचीला पूर्ण धागा वाचायला दिला. आता ठरलंय ते असं: सौम्य फेसवॉश, हलकं लोशन आणि सनस्क्रीन, तळाचं आता वर आलंय. बाकी यादी रद्द. तिचे काही प्रश्न आहेत: डोक्याला रात्रभर तेल लावून झोपते त्याने पुटकुळ्या येतात का? होस्टेलच्या मैत्रिणीची बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब वापरू का? आणि डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे, तोवर चेहरा साफ होईल का? माझाही एक, वांगाचं काय करू?

कोकणकन्या
तेलाचं मी सांगते. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या आणि केसांच्या कडेकडेने येत असतील तर तेलाचा हात असतोच. तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा तरी बदलायला सांग. होस्टेलवर अभ्रा सेमिस्टरला एकदा धुतात, मी पण होस्टेलची आहे.

ओपीडी_नंबर_७
तेलाबद्दल कोकणकन्या यांनी अगदी बरोबर सांगितलं. दुसऱ्याची ट्यूब नको. बेंझॉइल पेरॉक्साइड चांगलं औषध आहे, पण आधी टक्केवारी बघा, २.५ टक्क्यांनी बहुतेकांचं काम होतं, जास्त टक्क्यांनी आग जास्त होते, गुण त्या मानाने वाढत नाही. रंगीत टॉवेल आणि अभ्र्याचा रंग उडवतं हेही सांगून ठेवते, नाहीतर मैत्रिणीशी भांडण. काहीही नवं असलं की आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघायचं. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट, निदान दोन-तीन आठवडे. सगळे मसाले एकदम घातलेल्या भाजीत कशाने घसा जळला ते कळत नाही, तसंच आहे हे.

लग्नाचं: मुरुमांचं औषध सुरू केल्यावर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, पहिल्या काही आठवड्यांत कधी वाढल्यासारखंही वाटतं. त्यामुळे आत्ताच दाखवा, नोव्हेंबरात नको. लग्नाच्या आधीच्या पंधरा दिवसांत नवीन फेशियल, ब्लीच, पील काही नाही. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर जाड केस येतात का, हे तिला एकटीला विचारा, असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायला सांगा. पुटकुळ्या गाठीसारख्या, दुखऱ्या असतील किंवा खड्डे पडत असतील तर वाट बघूच नका, खड्डा पडल्यावर तो भरणं अवघड असतं.

जाईजुई, वांग हट्टी असतं. दिसणारा प्रकाशही ते वाढवतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यामुळे तुम्ही आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या, ते फाउंडेशनचंही काम करतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही वाढतं. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड वगैरे पर्याय आहेत, ते तपासून ठरवू देत. फिकट होतं, पण सनस्क्रीन सोडलं की परत येतं.

जाईजुई
टिंटेडचं कुणीच सांगितलं नव्हतं इतकी वर्षं! फोर्टला दुपारी जेवून चक्कर मारायला जाते, म्हणजे निघायच्या आधी परत लावायचं ना?

ओपीडी_नंबर_७
हो, घाम टिपून मग लावा. सोबत छत्री असेल तर उत्तम.

वऱ्हाडी_ठेचा
वाचनखूण साठवली. आईलेबी पाठवतो.

मेतकूट
जाईजुई, यादी रद्द केली ना, मग उरलेल्या साडेचार-पाच हजारांत भाचीला लग्नासाठी काय घेताय? पैठणी नाही बसणार, पण इरकल नक्की बसेल.

जाईजुई
मेतकूट, तिचाही हाच मेसेज आला आत्ता! इरकलच, हिरवी, लाल काठाची.